तीनशे बाटल्यांचं पिंप

फ्रान्सच्या बोर्डो भागात रूढ झालेलं ओकच्या लाकडाचं पिंप 225 लिटरचं असतं. त्यातून 750 मिलिलिटरच्या 300 बाटल्या भरतात. एक टन लाल द्राक्षांतून साधारण साडेसहाशे लिटर वाइन निघते, म्हणजे एका टनाला जेमतेम तीन पिंपं. उत्तम लाल वाइन करायची तर एकरी उत्पन्न मुद्दाम कमी ठेवावं लागतं, दोन-तीन टनांच्या आसपास. चार एकर बाग असलेल्या घराच्या हाती, सगळं नीट पार पडलं तर, वर्षाला आठ-नऊ हजार बाटल्या येतात. नाशिकच्या मोठ्या कंपन्यांचा हिशेब लाखो पेट्यांत चालतो, आणि एका पेटीत बारा बाटल्या असतात.

तरीही जगभर अशी घरं आहेत. इटलीच्या आब्रुत्झो प्रांतात तोरानो नुओवो नावाचं गाव आहे. तिथे एमिदिओ पेपे या शेतकऱ्याने 1964 मध्ये स्वतःच्या नावाने वाइन भरायला सुरुवात केली. वेलींवर गंधक आणि मोरचूद यांपलीकडे काही फवारायचं नाही, लाल द्राक्षांचे मणी देठांपासून हाताने सोडवायचे, रस काचेचं अस्तर असलेल्या सिमेंटच्या टाक्यांत आंबवायचा, ही त्या घराची रीत. बाटलीत वर्षानुवर्षं मुरलेली वाइन विकण्याआधी हाताने दुसऱ्या बाटलीत ओतून तळाचा गाळ मागे ठेवायचा, हे काम पेपे यांच्या पत्नी रोझा करत. पुढे मुली आणि नात त्याच कामात आल्या. आज जगातले जाणकार या घराच्या बाटल्या शोधत फिरतात, तरी बाग काही शेकडो एकरांची झाली नाही.

असं घर सह्याद्रीच्या पायथ्याशी, रायगड जिल्ह्यातल्या महाड-पोलादपूरकडे उभं राहू शकेल का? प्रश्न अवघड आहे, आणि त्याचं खरं उत्तर द्राक्षाच्या वेलीपाशी संपत नाही.

महाड-पोलादपूरची शेती म्हणजे खलाटीत भात आणि डोंगरउतारावर नाचणी, वरी. तरणी माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला, सुरत-बडोद्याला पोटापाण्यासाठी गेलेली. वाइन हा शब्द इथल्या शेतघरात परका वाटतो. पण ही वस्तू या किनाऱ्याला अपरिचित नव्हती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी वृत्तांतात पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांची यादी आहे. त्यातलं ‘पालाइपात्माइ’ म्हणजे महाडजवळचं पाले असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. मुंबई-गोवा महामार्गावरून दिसणारी गांधारपाले लेणी याच गावची. भडोच बंदरात कोणता माल खपतो हे सांगताना याच वृत्तांतात वाइनचा उल्लेख येतो, आणि इटलीच्या वाइनला जास्त पसंती असल्याचंही नोंदलेलं आहे. ती ज्या दोन कानांच्या निमुळत्या मातीच्या रांजणांतून यायची, त्यांचे तुकडे घाटावर नेवाशाच्या उत्खननात सापडले. किनाऱ्यावर उतरलेला माल घाटवाटांनी वर चढत होता.

आधुनिक काळात महाराष्ट्रातली वाइन घाटावरच जन्मली. शामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाइन केली. ती परदेशात ‘ओमर खय्याम’ नावाने गेली आणि भारतात अशी वाइन होऊ शकते यावर लोकांचा विश्वास बसला. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकला गंगापूर धरणाजवळच्या वडिलोपार्जित जमिनीवर आले आणि 2000 मध्ये ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केलं. उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, नाशिकजवळ विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क आखले गेले. पाठोपाठ नाशिक परिसरात वाइनरींची रांग लागली. 2008 नंतरच्या आर्थिक मंदीत त्यातल्या अनेक बंद पडल्या, आणि ही वाट पाडणारी चौगुले यांची इंडेज कंपनीही कर्जाखाली कोसळली.

या पडझडीतून जी थोडी घरं टिकली, त्यांच्याकडे महाडच्या शेतकऱ्याने नीट पाहावं. निफाडजवळ कुंदेवाडीला यतीन पाटील यांची ‘व्हिंटेज वाइन्स’ आहे. ‘रेव्हेलो’ नावाने त्यांची वाइन विकली जाते. द्राक्षं स्वतःच्या बागेतली, असा या घराचा आग्रह. कॅबर्ने सोव्हिन्यों आणि सिरा या सगळीकडे चालणाऱ्या जातींबरोबर त्यांनी सिसिलीची नेरो दाव्होला ही लाल जात लावली. उष्ण, कोरड्या बेटावरची ही जात निफाडच्या हवेत रुळेल असा त्यामागचा विचार. निफाडची थंडी दर हिवाळ्यात बातम्यांत असते. राज्यातलं नीचांकी तापमान पुष्कळदा तिथेच नोंदलं जातं. दिवसा ऊन आणि रात्री कडाका, हे लाल द्राक्षाला मानवतं: दिवसा साखर भरते, रात्रीच्या गारव्यात आम्ल टिकून राहतं आणि सालीत रंग चढतो.

गंगापूर धरणाच्या काठी गुरनानी कुटुंबाने 2006 च्या सुमारास ‘यॉर्क’ सुरू केली. योगिता, रवी आणि कैलास या भावंडांच्या नावांची आद्याक्षरं जुळवून हे नाव ठेवलं. कैलास यांनी ऑस्ट्रेलियात ॲडलेड विद्यापीठात वाइननिर्मितीचं शिक्षण घेतलं आणि घरच्या टाक्यांची जबाबदारी उचलली. रवी यांनी विक्री आणि व्यवहार पाहिला. सिरा आणि कॅबर्ने यांच्या मिश्रणातून केलेली ‘आरोस’ ही त्यांची सर्वांत जपलेली लाल वाइन. पर्यटक वाइनरीवर येऊन चव घेत, तिथेच जेवत आणि जाताना बाटल्या घेऊन जात. एवढं चांगलं चाललेलं हे घर 2021 मध्ये ‘सुला’ने विकत घेतलं. त्या व्यवहाराला अपयश म्हणता येणार नाही. पण आकाराने लहान राहून दर्जा सांभाळणाऱ्या घरावर भांडवलाचा किती ताण असतो, हे त्यातून कळतं.

ताण कशाचा, तर थांबण्याचा. पांढरी वाइन फेब्रुवारीत गाळली की काही महिन्यांत बाटलीत जाऊ शकते. लाल वाइन थांबवते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटेच्या गारव्यात तोडलेले घड क्रेटमधून येतात, देठ वेगळे होतात, आणि फुटलेले मणी साल-बियांसकट टाकीत पडतात. द्राक्षाचा रस बहुतेक जातींत बिनरंगीच असतो. रंग आणि तुरटपणा सालीत असतो आणि तो आंबताना रसात उतरतो. आंबवण सुरू झालं की सुटलेल्या वायूबरोबर साली वर येतात आणि त्यांची जाड साय टाकीच्या तोंडाशी धरते. ती दिवसातून तीन-चार वेळा खाली दाबावी लागते, नाहीतर वर कोरडी पडून आंबूस होते. टाकीचं तापमान पंचवीस ते अठ्ठावीस अंशांत ठेवायचं, तेही नाशिकच्या मार्चमध्ये. आठ-दहा दिवसांनी चोथा दाबून वाइन वेगळी करतात. मग दुसरं, मंद आंबवण होतं, त्यात सफरचंदासारखं धारदार आम्ल बदलून दह्यातलं सौम्य आम्ल होतं. त्यानंतर पिंपात वर्षभर, पुढे बाटलीत काही महिने. म्हणजे 2024 च्या मार्चमध्ये तोडलेल्या द्राक्षाचे पैसे 2025 च्या दिवाळीला दिसू लागतात. दरम्यान बाग किमान तीनदा छाटून होते, मजुरी रोख जाते आणि दुसऱ्या हंगामाची द्राक्षं टाक्यांत येऊन पडतात. बाटलीची काच, बूच, लेबलची नोंदणी आणि परवाना यांचा खर्च वेगळा. या दीड-दोन वर्षांत घर कशावर चालवायचं, याची सोय ज्यांनी आधी केली तेच टिकले.

सोलापूर जिल्ह्यात अकलूजला ही सोय तीन घरांनी मिळून केली. मोहिते-पाटील बंधूंची जमीन, दिल्लीच्या सेखरी बंधूंचा व्यापार आणि इटलीच्या सेची बंधूंचं भांडवल व ओळखी, यांतून ‘फ्रातेल्ली’ उभी राहिली. टस्कनीचे पिएरो मासी वाइन करायला आले. उसाच्या मुलखात इटलीची सांजोवेझे ही जात लागली. ही वाइनरी आता लहान राहिलेली नाही, पण आरंभीची जुळणी लहानांना उपयोगी आहे: एकाकडे माती, दुसऱ्याकडे बाजार, तिसऱ्याकडे हुन्नर.

बागेतही जुन्या सवयी मोडाव्या लागतात. नाशिक-सांगलीचा खाण्याच्या द्राक्षांचा बागाईतदार मणी मोठा व्हावा म्हणून जिवाचं रान करतो. जिबरेलिक ॲसिडमध्ये घड बुडवणं, विरळणी, खतपाण्याचं वेळापत्रक, सगळं मण्याच्या जाडीसाठी. वाइनच्या लाल द्राक्षाचा मणी बारीकच हवा, कारण मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. पाणी थोडं तोडायचं, वेलीला किंचित उपाशी ठेवायचं, घड कमी करायचे. एकरी दहा टनांची सवय असलेल्या माणसाला तीन टनांवर समाधान मानायला सांगणं फार कठीण असतं. त्यामुळे चांगली लाल वाइन बहुधा तिथे होते, जिथे द्राक्ष पिकवणारा आणि वाइन करणारा एकाच घरातला असतो. विकत घेतलेल्या द्राक्षाला वजनाचा भाव मिळतो, आणि वजनाचा भाव मिळाला की मणी फुगतो.

आता सेंद्रिय. या शब्दामागे लाल वाइनच्या बाबतीत दोन वेगळ्या परीक्षा आहेत. एक बागेतली, दुसरी टाकीतली. भारतात सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम 2001 पासून आहे आणि त्यानुसार बहुवर्षायू पिकाला प्रमाणपत्र मिळण्याआधी तीन वर्षं रूपांतराची काढावी लागतात. या तीन वर्षांत खर्च सेंद्रियचा आणि भाव साधा. युरोपमध्ये 2012 पर्यंत कायद्याने ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाइन’ एवढंच लिहिता येत होतं. त्या वर्षीच्या हंगामापासून टाकीतल्या प्रक्रियेलाही नियम लागले. साध्या कोरड्या लाल वाइनमध्ये लिटरला 150 मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड चालतो, सेंद्रिय असेल तर 100. अमेरिकेत नियम आणखी कडक आहे: वरून सल्फाइट घातलं की लेबलवर नुसतं ‘सेंद्रिय वाइन’ लिहिता येत नाही. सल्फाइट वाइनला हवेच्या आणि जंतूंच्या बाधेपासून वाचवतं. ते कमी करायचं तर टाक्या, नळ्या, पिंपं, हात, सगळंच काटेकोर स्वच्छ हवं. घरगुती म्हणजे ढिसाळ, हा समज इथे एका हंगामात महाग पडतो.

बागेतली परीक्षा महाराष्ट्रात आणखी कडक आहे. इथे वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यातून पावसाळ्यात नुसत्या काड्या आणि पानं वाढतात. ऑक्टोबरात गोडीबहार छाटणी, त्यातून घड निघतात. सारा जीव या दुसऱ्या छाटणीनंतरच्या पहिल्या महिन्या-दीड महिन्यात अडकलेला असतो. परतीचा पाऊस लांबला की कोवळ्या पानांवर आणि घडांवर केवडा रोग उतरतो. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नाशिकच्या बागाईतदारांनी अवकाळी पावसात बागाच्या बागा गमावल्या, आणि त्यांच्या हाताशी सगळी रासायनिक औषधं होती. सेंद्रिय बागाईतदाराकडे मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, भुरी रोगासाठी गंधक, ट्रायकोडर्मासारख्या उपयुक्त बुरश्या, दशपर्णी अर्क आणि बाग मोकळी, हवेशीर ठेवण्याची मेहनत एवढंच असतं. मोरचुदालाही मर्यादा आहे. त्यातलं तांबं मातीत साठतं, गांडुळांना आणि सूक्ष्मजीवांना मारतं, म्हणून युरोपने सात वर्षांत हेक्टरी 28 किलोंची मर्यादा घातली. पाऊस जितका जास्त, फवारा तितक्या वेळा धुऊन जातो आणि मर्यादा तितकी लवकर गाठली जाते.

महाडकडे वळलं की हाच हिशेब आडवा येतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण नुसत्या पावसाच्या आकड्याने वेल बाद करणं बरोबर नाही. इगतपुरीही पावसाचंच गाव आहे, आणि त्या तालुक्यात कावनईला मुकणे धरणाच्या बाजूला शैलेंद्र पै यांची ‘व्हॅलोने’ ही मर्यादित उत्पादनाची वाइनरी आहे. फ्रान्समध्ये शिकून आलेले संकेत गावंड तिथली वाइन करतात, आणि मेर्लो, मालबेकसारख्या लाल जातींत त्यांनी नाव कमावलं आहे. शेजारी संजेगावला ग्रोव्हर झाम्पाची बाग आहे. तिथेही जून ते सप्टेंबर आभाळ फाटतं. फरक उंचीचा आहे. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर, घाटमाथ्याच्या पलीकडे. ऑक्टोबरनंतर तिथली हवा कोरडी होते आणि रात्री गार पडतात. महाड सावित्रीच्या खाडीच्या टोकाशी आहे. हिवाळ्यातही तिथे पहाटे दव पडतं, दमट हवा पानांवर बसून राहते आणि जानेवारीतल्या दुपारी घाम काढतात. फवाऱ्यांच्या जोरावर तिथे वेल जगवता येईलही, सेंद्रिय लाल वाइनची वेल मात्र नाही. पोलादपुरात कुडपणसारखी उंचावरची गावं आहेत, रायगडचं महाबळेश्वर म्हणून हौशी लोक तिथे जातात. पण तिथला पाऊस महाबळेश्वरच्याच जातीचा. नाशिकची वेल उचलून तिथे लावण्याचा उत्साह कोणी दाखवला, तर त्याला थांबवणंच शहाणपणाचं.

मग या मातीतलं लाल फळ कोणतं? एप्रिल-मेमध्ये पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे वळणाऱ्या रस्त्यावर त्याचं उत्तर पानांच्या द्रोणांत विकायला बसलेलं असतं. करवंदं, त्यांच्यामागून जांभळं. परसात रातांबे, म्हणजे कोकम. ही तिन्ही झाडं डोंगरात, बांधावर, गावठाणात कोणी न फवारता, न शिंपता वाढतात. नाशिकच्या बागाईतदाराला तीन वर्षं रूपांतराची काढून जे मिळवावं लागतं, ते या झाडांपाशी पिढ्यान्‌पिढ्या आहे. फळं काढणारे हात मुख्यतः कातकरी आणि धनगर वाड्यांतल्या बायकांचे. दिवसभर उन्हात काटे टोचून घेऊन त्या करवंदं गोळा करतात, आणि संध्याकाळपर्यंत विकली नाहीत तर दुसऱ्या दिवशी ती मऊ पडलेली असतात. जांभळाचं दुखणं आणखी मोठं. ते नेमकं पावसाच्या तोंडावर पिकतं, पहिल्या सरीने खाली सडा पडतो आणि चिखलात जातो.

जांभूळ वाइनसाठी किती योग्य आहे, हे त्याच्या रंगातच दिसतं. लाल द्राक्षाला रंग देणाऱ्या द्रव्यांत मॅल्विडिन प्रमुख. तेच द्रव्य, आपल्या भाईबंदांसकट, जांभळाच्या सालीत आहे. तुरटपणाही भरपूर. उणीव साखरेची. पिकलेल्या वाइन-द्राक्षात बावीस-चोवीस टक्के साखर भरते, जांभळात साधारण त्याच्या निम्मी. म्हणून आंबवताना साखर किंवा मध घालावा लागतो. करवंदात आम्ल जास्त, त्यामुळे पूर्ण पिकलेलंच फळ घ्यावं लागतं आणि चीक सांभाळावा लागतो. कोकम सर्वांत अवघड. त्याचा रंग मोहक, पण ते इतकं आंबट की यीस्टला त्यात जगणंच कठीण. पाणी आणि साखर घालून ते सौम्य करावं लागतं आणि तसं करताना रंग फिका पडतो. कोकमाची जागा दुसऱ्या फळाला उठाव देण्यात आहे, एकट्याने बाटली भरण्यात नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने या तिन्ही फळांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. जांभळाची ‘कोकण बहाडोली’, करवंदाची ‘कोकण बोल्ड’, कोकमाच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती तिथूनच आल्या.

फळांच्या वाइनला घर कसं उभं राहतं, याचं उदाहरण उत्तर कोकणातच आहे. डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला प्रियांका सावे आणि त्यांचे पती नागेश पै यांनी ‘हिल झिल वाइन्स’ उभारली आणि चिकूपासून ‘फ्रुझांते’ ही फसफसणारी वाइन बाजारात आणली. सावे कुटुंब बोर्डीचंच. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, पण चिकू टिकत नाही आणि हंगामात भाव कोसळतो, हे तिथल्या प्रत्येक वाडीवाल्याचं दुखणं. चिकूच्या मागून अननस, आंबा, स्ट्रॉबेरी अशी फळं आली. यात एक व्यवहारी शहाणपण आहे. द्राक्षाच्या वाइनरीत टाक्या वर्षातून एकदा भरतात, फळांच्या वाइनरीत हंगामामागून हंगाम भरता येतात. नाशिकला डॉ. योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे यांनी ‘सेराना’ या नावाने मधाची मद्यं केली, त्यात जांभूळ आणि मध एकत्र आंबवलेलंही एक आहे. साखरेची उणीव मधाने भरण्याची ही वाट महाड-पोलादपूरच्या जंगलांना अगदी जवळची.

पोलादपूरला मार्चपासून जूनपर्यंतचा फळक्रम आपोआप जुळतो: घाटावरून येणारी स्ट्रॉबेरी, मग करवंद, कोकम, जांभूळ. महाबळेश्वर अवघ्या चाळीस किलोमीटरवर आहे, आणि हंगामाच्या शेवटी बारीक, मऊ पडलेली स्ट्रॉबेरी तिथे मातीमोल होते.

अडचण कायद्याची आहे, आणि ती स्पष्ट सांगायला हवी. महाराष्ट्र (पूर्वीच्या मुंबई) दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याशिवाय घरात वाइन करून विकता येत नाही. परवाना, गोदाम, लेबल नोंदणी, शुल्क, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे मद्यविषयक नियम, हे सारं तीनशे बाटल्या करणाऱ्याला आणि तीन लाख बाटल्या करणाऱ्याला जवळपास सारख्याच कागदांतून पार करावं लागतं. 2001 चं धोरण नावापासूनच द्राक्षासाठी होतं. 2022 मध्ये राज्य सरकारने काजूबोंड, मोहफुलं यांच्यापासूनच्या मद्याला चालना देणारा निर्णय घेतला, म्हणजे स्थानिक फळाफुलांचा विचार सरकारदरबारी पोचला आहे. त्याच वर्षी 27 जानेवारीला मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, राज्यभर विरोध झाला आणि तो निर्णय अमलात आला नाही.

तो विरोध राजकीय होता असं म्हणून मोकळं होणं गैर आहे. महाराष्ट्रात गावागावांत बायकांनी दारूदुकानांविरुद्ध मतदान करून ‘बाटली आडवी’ केली आहे, कारण दारूने त्यांच्या घरांचं काय केलं ते त्यांनी पाहिलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्ट म्हटलं की मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही. तेव्हा जांभूळ मधुमेहावर चांगलं म्हणून जांभळाची वाइनही औषधी, असली जाहिरात कोणी करू नये. लहान, सेंद्रिय लाल वाइन गावात खपवायची वस्तू नाहीच. रायगड पाहायला येणारा, महाबळेश्वरला जाणारा, मुंबई-पुण्याच्या जेवणघरांत बसणारा माणूस हे तिचं गिऱ्हाईक. करवंद गोळा करणाऱ्या बाईला मात्र तिच्यातून किलोमागे ठरलेला, आधी जाहीर केलेला भाव मिळायला हवा. हा भाव कागदावर नसेल, तर या उद्योगाला डोंगरातल्या झाडांवर हक्क सांगण्याचं कारण उरत नाही.

प्रमाणपत्रासाठी महागडी वाट धरायची गरज नाही. केंद्र सरकारच्या सहभागी हमी पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या जमिनीची तपासणी करून सेंद्रिय हमी घेऊ शकतो. ही हमी देशांतर्गत बाजारापुरती, पण आठ-दहा हजार बाटल्यांना देशांतर्गत बाजार पुरून उरतो. जंगलातून गोळा केलेल्या फळाला मात्र वेगळी नोंद लागते: कोणत्या भागातून, किती, कोणी. वनहक्क कायदा, 2006 नुसार सामूहिक दावे मंजूर असलेल्या वाड्यांना गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. तिथे ही नोंद ग्रामसभेकडूनच होऊ शकते.

आणि लाल वाइनला लागणारं थांबणं? एकेका संकटानंतर पुन्हा उभं राहीपर्यंत थांबण्याची या भागाला सवय आहे. 22 जुलै 2021 ला महाड पुरात बुडालं, तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला, पोलादपुरातही साखर सुतारवाडी आणि केवनाळेत माणसं गेली. त्याआधी 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या बागा आडव्या केल्या होत्या. एकाच पिकावर, एकाच कर्जावर उभी केलेली वाइनरी अशा मुलखात दोन वर्षांत मोडेल. भात घरापुरता, फळं गटाची, टाक्या भाड्याच्या किंवा सहकारी, आणि पहिल्या वर्षी दोन-तीन पिंपांच्या वर जायचं नाही, अशी मांडणी टिकण्याची शक्यता जास्त. पिंपही ओकचं कशाला हवं? जांभळाला स्टीलच्या टाकीत आठ-दहा महिने मुरवलं तरी त्याचा तुरटपणा बसतो, आणि भांडवलाचा एक मोठा तुकडा वाचतो.

बहाडोली जांभळाचं कलम पावसाळ्याच्या सुरुवातीला लावतात. पाच-सहा वर्षांत ते फळायला लागतं. तोवर बांधावरच्या आणि डोंगरातल्या जुन्या झाडांची फळं आहेतच. त्यांच्यावर दापोलीच्या तज्ज्ञांबरोबर चार हंगाम छोट्या चाचण्या घेता येतील, पाच शेतकऱ्यांचा गट नोंदवता येईल, आणि लहान फळवाइनरीसाठी वेगळा, कमी शुल्काचा परवाना मागणारा अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अलिबाग कार्यालयात देता येईल. पावसाळ्यात लावायच्या कलमांचे खड्डे कोकणात मेमध्येच खणून ठेवतात.